दुहेरीतला मुंबईकर

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत संध्याकाळी कुठल्याही जिमखान्यात डोकावा. बॅडमिंटन कोर्टवर चौघं खेळत असतात आणि बाकावर आणखी चौघं नंबर लागायची वाट बघत असतात. जागा कमी, माणसं जास्त, म्हणून इथे सगळे दुहेरीच खेळतात. पण मुलाला या खेळात पुढे न्यायचं म्हटलं, की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर मात्र एकेरीच येते. त्यांच्यासाठी आज मला चिराग शेट्टीबद्दल बोलायचंय. गोरेगावात उदय पवार यांच्याकडे शिकलेला हा मुंबईचा मुलगा दुहेरीच्याच जोरावर २०२३ साली जागतिक क्रमवारीत पहिला आला.

त्याआधी तो हैदराबादला माजी बॅडमिंटनपटू गोपीचंद यांच्या अकादमीत गेला. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्याची जोडी आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी जमवली. दोघंही उंच, दोघंही मागून जोरात मारणारे. पण दोघांनी मागेच राहून कसं चालेल? जाळ्यापाशी कुणीतरी हवंच. ते काम बरंचसं चिरागने अंगावर घेतलं. टीव्हीवर आपली नजर सात्त्विकच्या स्मॅशवर खिळते. पुढच्या वेळी चिरागकडे बघा. गुडघे वाकलेले, रॅकेट वर धरलेली. समोरच्याने कसंबसं परतवलेलं शटलचं फूल जाळ्यावरून येतं न येतं तोच मनगटाच्या एका झटक्यात खाली! माझ्या मते त्या गुणातला अर्धा वाटा त्याचा.

२०२२चा थॉमस करंडक, म्हणजे पुरुष संघांची जागतिक स्पर्धा, आठवतो ना? पाचपैकी तीन लढती जिंकेल तो संघ विजयी. बँकॉकला अंतिम सामना, समोर इंडोनेशिया. लक्ष्य सेनने पहिली लढत जिंकून दिली होती. दुहेरीत एहसान आणि सुकामुल्जो यांनी पहिला गेम घेतला, दुसऱ्यात आपण १७-२० असे मागे. अशा वेळी भलेभले हातपाय गाळतात. या दोघांनी हार एका गुणावर असताना चार मॅच पॉइंट वाचवले, गेम २३-२१ असा खेचून आणला आणि तिसरा २१-१९ ने घेतला. मग श्रीकांतने तिसरी लढत जिंकून करंडकावर शिक्कामोर्तब केलं. भारताचा तो पहिलाच थॉमस करंडक.

राष्ट्रकुल आणि आशियाई खेळांतली सुवर्णपदकंही आली. ऑलिंपिकने मात्र फार छळलं. टोकियोत गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले, पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या तैवानच्या जोडीलाही हरवलं, तरी तीन जोड्यांचे विजय सारखे झाल्याने जिंकलेल्या-हरलेल्या गेमच्या हिशोबात बाहेर पडावं लागलं. याची हळहळ मला अजून वाटते. २०२४ला पॅरिसमध्ये मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिक यांनी उपांत्यपूर्व फेरीतच अडवलं. वर्षभराने जागतिक स्पर्धा त्याच सभागृहात भरली. उपांत्यपूर्व फेरीत समोर तीच जोडी होती. या वेळी सात्त्विक-चिरागने सरळ दोन गेममध्ये सामना जिंकला आणि जागतिक स्पर्धेतलं आपलं दुसरं पदक पक्कं केलं.