पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी: मधला मुक्काम

(दृश्य: पोर्ट ऑगस्टा. पंपावर कॅरॅव्हानांची रांग.)

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पोर्ट ऑगस्टा. समुद्राची खाडी इथे संपते आणि स्टुअर्ट हायवे सुरू होतो. तो थांबतो थेट उत्तर किनाऱ्यावर, डार्विनपाशी, सुमारे 2,700 किलोमीटरवर. आपण जाणार आहोत कूबर पेडीपर्यंत, म्हणजे साधारण 540 किलोमीटर. नुसती गाडी असेल तर हे एका दिवसाचं काम. मागे कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडलेली असली की मध्ये एक मुक्काम हवा. आणि खरं सांगायचं तर लोक या रस्त्याला लागतात ते त्या मुक्कामासाठीच.

याच बंदरात 1866 साली शंभरावर उंट उतरले. आले होते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबरच्या माणसांत बलुच होते, पठाण होते, सिंधी, पंजाबी होते. इथल्या लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ करून टाकलं! आतल्या कोरड्या मुलखात किराणा, तारायंत्राचं सामान, लोकरीचे गठ्ठे वाहिले ते याच काफिल्यांनी. मोटारींचा रस्ता फार नंतरचा. हायवेचा दक्षिण ऑस्ट्रेलियातला भाग पूर्ण डांबरी व्हायला 1987 साल उजाडलं.

(दृश्य: कॅरॅव्हान जोडताना हात, साखळ्या, दिवे.)

निघण्याआधी गॅसचा सिलिंडर बंद, छतावरची झडप बंद, साखळ्या अडकवलेल्या, मागचे दिवे तपासलेले. सामान भरण्याचीही रीत आहे. पाण्याचे कॅन, डबाबंद खाणं, हत्यारं, जे काही जड असेल ते चाकांच्या बरोबर वर ठेवायचं. वजन मागच्या टोकाला गेलं तर वेग वाढल्यावर कॅरॅव्हान शेपूट हलवायला लागते आणि मग पुढची गाडीही तिच्याबरोबर डुलते.

हे का महत्त्वाचं, ते पहिली रोड ट्रेन आली की कळतं. एक ट्रक, त्याच्यामागे तीन ट्रेलर, लांबी 53 मीटरपर्यंत. एसटीच्या चार गाड्या रांगेत लावल्या तरी ही त्यांहून लांब भरेल. समोरून गेली की हवेचा धक्का बसतो. ब्रेकवर पाय मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. ती मागून आली, तर वायरलेसवर 40 नंबरच्या चॅनेलवर ड्रायव्हरशी बोलायचं: रस्ता मोकळा आहे, या पुढे. कॅरॅव्हानवाल्यांचा आपसातल्या गप्पांचा चॅनेल वेगळा, 18 नंबरचा. तिथे बहुतेक वेळ चहाला कुठे थांबायचं यावरच खल चाललेला असतो.

दिवसाचा हिशोब मात्र संध्याकाळपासून उलटा मांडायचा. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सूर्य सहाच्या आत बुडतो. कांगारू आणि इमू रस्त्याकडेला येतात ते नेमके कातरवेळी. म्हणून चारच्या सुमारास चाकं थांबलेली बरी.

(दृश्य: लेक हार्ट. पांढरं मीठ, तिरपं ऊन.)

पिंबा ही छोटी वस्ती सोडली की पुढे लेक हार्ट लागतं. कोकाथा या आदिवासी लोकांचा हा मुलूख. तळं म्हणायचं, पण बहुतेक वेळा त्यात फक्त मीठ असतं. हायवेलगत मुक्कामाची मोकळी जागा, तिच्या आणि तळ्याच्या मध्ये रेल्वेचा रूळ. चार वाजेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात. कॅरॅव्हानचे पाय खाली सोडतात, छत्री ताणतात, घडीच्या खुर्च्या बाहेर येतात. मंडळी बरीचशी निवृत्त जोडपी. इथे त्यांना ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. ओळख व्हायला वेळ लागत नाही: कुठून आलात, पुढे कुठे, तिकडे पाणी मिळतं का?

अंधार पडला की थंडी झपाट्याने उतरते. ढग नाहीत, हवा कोरडी, दिवसाची ऊब धरून ठेवायला काहीच नाही.

आणि आकाश. महाराष्ट्रातून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजालगत कसाबसा दिसणारा त्रिशंकू हा तारकासमूह इथे चांगला उंच चढलेला असतो. त्याला खेटून आकाशगंगेत एक काळा डाग आहे. अनेक आदिवासी समाजांसाठी ते इमूचं डोकं. मान आणि धड पुढे आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांतून पसरत जातं. आपण ताऱ्यांना रेघांनी जोडून आकृत्या केल्या. यांनी ताऱ्यांमधला काळोख वाचला. मला हे जास्त अवघड वाटतं.

झोप लागते न लागते तोच मालगाडी येते. किलोमीटरभराहून लांब, दोनमजली कंटेनर लादलेली. ती जाईपर्यंत भांडी वाजत राहतात. शांततेसाठी आलेल्यांनी रुळापासून लांब उभं राहावं.

(दृश्य: सकाळ. रस्ता.)

सकाळी उन्हं वर येईपर्यंत घाई नको, कांगारू पहाटेही हिंडतात. वाटेतल्या ग्लेंडाम्बो या वस्तीपासून कूबर पेडीपर्यंत सुमारे 250 किलोमीटर पंप नाही, आणि कॅरॅव्हान ओढताना डिझेल भराभर उतरतं. त्यात समोरून वारा असेल तर विचारूच नका.

कूबर पेडी जवळ आलं की मातीचे पांढरट ढीग दिसू लागतात. 1915 साली एका चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं, तेव्हापासून जमीन पोखरणं चालू आहे. अर्धं गाव उन्हाळ्यापासून बचाव म्हणून जमिनीखालीच राहतं. कॅरॅव्हानवाल्यांचं पहिलं काम मात्र जमिनीवरचं: नाणं टाकून पाण्याची टाकी भरून घ्यायची.

गावाबाहेर पाट्या लावल्यात: खोल खड्डे आहेत, पळू नका, उलटं चालू नका. ही दुसरी सूचना फोटो काढणाऱ्यांसाठी. आमच्या कॅमेरामनने ती वाचली आणि पुढची सगळी दृश्यं गाडीच्या खिडकीतून घेतली.