टाकीतले तीन चमचे

(दृश्य : नोझल टाकीत शिरतं. मीटरचे आकडे पळू लागतात.)

चार गाडीवाले एकत्र बसले की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतोच, "मी फक्त त्याच कंपनीचं पेट्रोल टाकतो. ॲव्हरेजमध्ये दोन किलोमीटरचा फरक पडतो." दुसरा लगेच वेगळ्या कंपनीची बाजू लावून धरतो. खोटं कुणीच बोलत नसतं. दोघांनीही टाकी भरल्या भरल्या वहीत आकडे टिपलेले असतात. मग दोघांच्या वह्या एकमेकींशी भांडतात कशा?

उत्तरासाठी पंपापासून उलट्या दिशेनं चालत जावं लागतं.

(दृश्य : रिफायनरीचे उंच मनोरे.)

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नाही. शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. रिफायनरीत वेगवेगळे प्रवाह मापानं एकत्र करतात आणि मग तपासणी होते : ऑक्टेन, घनता, गंधक, बाष्पदाब. सगळं ठरलेल्या मर्यादेत बसलं की माल पाइपलाइनमध्ये जातो. त्याच पाइपलाइनमधून अनेकदा दुसऱ्या कंपनीचाही माल वाहतो आणि डेपोतल्या टाक्याही बऱ्याच ठिकाणी सामाईक असतात. बँकेत आपण भरलेली तीच नोट परत मिळत नाही, तेवढी रक्कम मिळते. इथेही तसंच. एका कंपनीनं जितकं भरलं तितकं तिला दुसऱ्या टोकाला मिळतं. थेंब मात्र कुणाचेही असू शकतात.

म्हणजे कंपनीचं नाव या प्रवासात फार उशिरा चिकटतं.

(दृश्य : डेपोत टँकर भरला जातोय. मोठ्या नळीला एक बारीक नळी जोडलेली.)

ही बारीक नळी नीट बघा. टँकर भरताना याच ठिकाणी कंपनीचं स्वतःचं ॲडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये घालायचं खास रसायन, मिसळतात. प्रमाण किती, तर दहा लाख भागांमागे काही शे भाग. चाळीस लिटरच्या टाकीत साधारण तीन चमचे म्हणा. जाहिरातीतली सगळी चमक त्या तीन चमच्यांची.

पण हे चमचे फुकाचे नाहीत. त्यातला मुख्य घटक असतो डिटर्जंट, म्हणजे आपल्या साबणाचाच भाऊबंद. त्याच्या रेणूचं एक टोक धातूला आणि मळीला धरतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं केसाहून थोडीच जाड. पेट्रोलचा चिकट गाळ तिथे साचला की बारीक फवाऱ्याऐवजी वाकडीतिकडी धार पडते आणि ज्वलन अर्धवट होतं.

'टॉप टियर' नावाचा एक कडक निकष आहे. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या मोटार कंपन्यांनी तो 2004 साली आणला, कारण बाजारातल्या पेट्रोलमधलं डिटर्जंट त्यांना कमी वाटत होतं. पुढे 2016 मध्ये ट्रिपल-ए या अमेरिकी मोटारचालक संघटनेनं साधारण 6,400 किलोमीटर चालवण्याइतकी इंजिन-चाचणी करून घेतली. निकषात न बसणाऱ्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनांत सरासरी 19 पट जास्त मळ सापडला.

19 पट! आकडा ऐकून घाईघाईनं पंप बदलू नका. हा मळाचा आकडा आहे, मायलेजचा नाही. मळ हळूहळू चढतो आणि चांगल्या पेट्रोलनं हळूहळूच उतरतो. आज एक टाकी भरली आणि उद्या ॲव्हरेज वाढलं, असं या वाटेनं होत नाही.

त्यातही एक मेख आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हच्या, पाठीला त्याचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे तिथला मळ कितीही महागड्या डिटर्जंटनं धुतला जात नाही.

(दृश्य : दोन नोझल शेजारी शेजारी. एकावर मोठा आकडा.)

आता या मोठ्या आकड्याकडे वळू, कारण ब्रँडचं भांडण बहुतेकदा इथेच घसरतं. ऑक्टेनची मोजपट्टी 1920 च्या दशकातली. एन-हेप्टेन हा चटकन पेटणारा द्रव शून्यावर, आयसो-ऑक्टेन शंभरावर. दाबाखाली पेट्रोल किती दम धरतं, ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकत नाही ना, एवढंच हा आकडा सांगतो. या आपोआप भडकण्याला 'नॉक' म्हणतात. त्यात जास्त ऊर्जा भरलेली नसते. ज्या इंजिनाला कंपनीनं जास्त ऑक्टेन सांगितला आहे, त्यात साधं पेट्रोल टाकलं तर नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते, आणि तिथे जोर आणि मायलेज दोन्ही खरोखर घटू शकतात. बाकीच्यांनी प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल, टाकलं तर पंपवाल्याचा दिवस चांगला जातो.

मायलेजवर खरा घाव घालणारी गोष्ट नावात नाही, मिश्रणात असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. दहा टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा तीनेक टक्क्यांनी उतरते, वीस टक्क्यांना साधारण दुप्पट. थंड हवेत इंजिन चटकन सुरू व्हावं म्हणून हिवाळी पेट्रोलमध्ये ब्युटेनसारखे हलके घटक वाढवतात. तेही लिटरमागे किंचित कमीच ऊर्जा देतात. एका कंपनीची टाकी उन्हाळ्यात भरली, दुसरीची थंडीत, आणि निकाल नावावर लागला. तर्क कुठे फसला ते दिसतंच आहे.

(दृश्य : जुनी वही. आकड्यांच्या रांगा.)

आणि आता या वहीकडे. नोझल आपोआप बंद होतं ते टाकीच्या गळ्यात फेस किती चढला यावर. एका पंपावर लवकर, दुसऱ्यावर जरा उशिरा. तीस लिटरमागे एक लिटर इकडचं तिकडे झालं, की तीन टक्क्यांहून जास्त फरक वहीत आयता उतरला. पेट्रोल दहा अंशांनी गरम असेल तर एक टक्का फुगतं. ताशी ऐंशीऐवजी शंभरानं गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. शिवाय सगळ्यात बेभरवशाचं यंत्र म्हणजे उजवा पाय. 'आज चांगलं पेट्रोल टाकलंय' हे माहीत असलं की तो आपसूक हलका पडतो.

खरंच तपासायचं असेल, तर एकच पंप, एकच नोझल शक्य नाही. कंपनी बदलली की पंप बदलणारच. म्हणून प्रत्येकाच्या आठ-दहा टाक्या, तोच रस्ता, टायरमध्ये तीच हवा. आणि टाकी भरायला दुसऱ्याला पाठवा, कुठलं भरलं ते शेवटपर्यंत विचारू नका. एवढा उपद्व्याप करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पंपापंपांत फरक नसतोच असं मात्र नव्हे. जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं असेल, फिल्टर वेळेवर बदलला नसेल, तर गाडी अडखळतेच. पण तो दोष त्या एका टाकीचा. त्याच कंपनीचा पुढचा पंप निर्मळ असू शकतो.

(दृश्य : नोझल खट्‌कन बंद होतं.)

आपला वहीवाला उद्या दुसऱ्या पंपावर जाईल. तिथलं नोझल थोडं लवकर बंद होईल, टाकीत लिटरभर कमी जाईल, आणि त्या कंपनीच्या नावापुढे जास्त ॲव्हरेज लिहिलं जाईल.