संहिता नसलेला सराव

(कोकणातील महसूल, पोलीस, पाटबंधारे, बंदर आणि आरोग्य विभागांच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी तीन तारखा सांगतो. २ ऑगस्ट २०१६, महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २ जुलै २०१९, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. १९ जुलै २०२३, खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. तिन्ही घटना रात्रीच्या. आता आपल्या मॉक ड्रिलची वेळ आठवा. सकाळचे अकरा, आकाश निरभ्र, बोट आधीच पाण्यात उतरवलेली, आणि 'बुडणारा' माणूस लाईफ जॅकेट घालून बुडायला तयार. साहेब आले की शिट्टी, मग बचाव, मग फोटो.

सरकारी मराठीत याला 'रंगीत तालीम' म्हणतात आणि तो शब्द नकळत खरं बोलून जातो. रंगीत तालमीत संवाद पाठ असतात, कोण कुठून येणार ते ठरलेलं असतं. बोट उतरवणं, दोर फेकणं, स्ट्रेचर बांधणं या हाताच्या कामांसाठी अशी तालीम लागतेच, तिला मी नावं ठेवत नाही. पण तहसीलदार, प्रांत किंवा निवासी उपजिल्हाधिकारी यांना दोर फेकायचा नसतो. अर्धवट माहितीवर आदेश काढायचा असतो आणि तो चुकला तर वेळेत मागे घ्यायचा असतो. त्याचा सराव पाठ केलेल्या संवादांनी होत नाही.

त्यासाठी आपल्याकडचाच दशावतार बघा. आख्यान ठरलेलं, पात्रांचा क्रम ठरलेला, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरच्याने काही वेगळं टाकलं तर राजाला जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं. टेबल-टॉप सराव, म्हणजे टेबलाभोवती बसून कागदावर आपत्ती खेळण्याचा सराव, असा बांधायचा. आख्यान आयोजकांच्या हातात, संवाद खेळणाऱ्यांचे.

बांधणीची सुरुवात उद्दिष्टापासून होते आणि बहुतेक सराव तिथेच फसतात. 'पूर व्यवस्थापनाची क्षमता वाढवणे' हे उद्दिष्ट नव्हे, ते निमंत्रणपत्रिकेतलं वाक्य आहे. उद्दिष्ट असं लिहा: विसर्ग वाढल्याचा निरोप नियंत्रण कक्षात आल्यापासून शेवटच्या वॉर्डात भोंगा वाजेपर्यंत किती मिनिटं लागतात आणि निरोप मधे कुठे अडतो? याला उत्तर मिनिटांत येतं. अशी तीन उद्दिष्टं पुरतात. चौथं घेतलंत तर साडेतीन तासांत एकही धड तपासून होत नाही.

मग आख्यान. चिपळूण घेऊ, कारण इथे माहिती चार वेगळ्या दारांनी येते. पाणलोटातला पाऊस, वाशिष्ठीची पातळी, खाडीची भरती आणि कोयनेचं अवजल. कोयनेच्या वीजनिर्मितीतून सुटलेलं पाणी पश्चिमेकडे कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. म्हणजे नदीत येणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा विजेच्या मागणीवर ठरतो आणि ती मागणी काही चिपळुणात ठरत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात कशाचा वाटा किती, यावर बरेच वाद झाले. सरावाला त्या वादाशी कर्तव्य नाही. आपला प्रश्न एवढाच: रात्री दोन वाजता वीजनिर्मिती थांबवायची विनंती कोणी, कोणाला, कोणत्या नंबरवर करायची? खेळाडूंना हे विचारा. खोलीतली शांतता ऐकण्यासारखी असते.

भरतीचं गणित आपल्या मच्छीमारांना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास निघतो. त्रयोदशी असेल तर तेरा पाऊण पावणेदहा, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास भरती, दिवसा एक आणि रात्री एक. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीकडे भांग, म्हणजे लहान भरती. सरावाची काल्पनिक तारीख ठरवताना तिथी बघून ठरवा. पुराचा लोंढा भरतीच्या तोंडावर आला तर खाडी पाणी घेत नाही, शहरात साचलेलं पाणी उतरायला उशीर होतो. खुल्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ आणि गोवळकोटला ती जाणवण्याची वेळ एक नसते, हेही आख्यानात धरायला हवं.

एक बारीक सापळा मुद्दाम ठेवायचा, तो एककांचा. एका निरोपात विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) द्या, दुसऱ्यात क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. 'विसर्ग ३००' एवढंच लिहून आलेला निरोप तसाच पुढे गेला, तर ऐकणारा पस्तीसपट कमी पाणी समजून निवांत बसेल. एकक नसलेला आकडा परत पाठवायचा असतो. ही सवय व्याख्यानाने लागत नाही, सरावात एकदा फजिती झाली की लागते.

आता मांडणी. खेळणारे पंधरा ते पंचवीस. दुसऱ्या खोलीत पाच-सहा जणांचा नियंत्रक गट. बाहेरचं सगळं जग हा गट उभा करतो: सरपंच, पत्रकार, मंत्र्यांचे स्वीय सहायक, शेजारचा जिल्हा, धरणावरचा शाखा अभियंता. जगाशी बोलायचं तर या खोलीमार्फतच. गटाकडे तासागणिक 'मूळ चित्र' लिहिलेलं असावं: दर तासाला नदीची पातळी किती, कोणता पूल बंद, वीज कुठे गेली. ते नसेल तर एकजण परशुराम घाट चालू सांगतो, दुसरा बंद, आणि पुढचा अर्धा तास खेळाडू पुराऐवजी आयोजकांशी भांडतात.

घटना चिठ्ठ्यांनी येतात. चिठ्ठीवर क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणत्या मार्गाने, कोणाला आणि मजकूर. नियंत्रकाच्या प्रतीवर 'अपेक्षित कृती' हा आणखी एक रकाना. साडेतीन तासांना तीस-पस्तीस चिठ्ठ्या पुरतात. पहिला अर्धा तास विरळ, आठ-दहा मिनिटांना एक. मग दाटी वाढवा. साधारण एक तृतीयांश चिठ्ठ्या चुकीच्या, शिळ्या किंवा बिनकामाच्या असू द्या. 'धरण फुटलं' ही व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा तर हवीच, कारण खरं लक्षण तिच्यापाठोपाठच येतं आणि तेव्हा कक्ष अफवांना कंटाळलेला असतो.

चिठ्ठ्या आयोजनाच्या दोन आठवडे आधी पाटबंधारे आणि महावितरणच्या अशा एकेका अभियंत्याकडून तपासून घ्या, जो स्वतः खेळणार नाही. नाहीतर ऐन सरावात कोणीतरी उठून म्हणतं, 'असं होऊच शकत नाही', आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

सुरक्षेचा नियम एक. प्रत्येक निरोपाच्या आधी आणि शेवटी 'सराव, सराव, सराव'. कागद गुलाबी. १०७७ या जिल्हा आपत्ती मदत क्रमांकावरच्या आणि पोलीस नियंत्रण कक्षातल्या ड्युटीवरच्या माणसाला आधी कळवलेलं. आणि मधेच खरी घटना घडली तर म्हणायचा शब्द ठरलेला. गुलाबी कागदाचा फोटो गावाच्या ग्रुपवर गेला तर जी पळापळ होईल, ती मात्र सराव नसेल.

वेळेबद्दल थोडं थांबतो, कारण सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. चक्रीवादळाचा इशाऱ्याचा टप्पा दोन-तीन दिवसांचा. तिथे सरावाचा एक तास म्हणजे सहा तास धरायला हरकत नाही. पण पाणी शहरात शिरल्यावर घड्याळ खरंच चालू द्या. तास दाबले की वाहतूक फुकट होते. 'एनडीआरएफ मागवा' म्हटलं आणि पुढच्या चिठ्ठीत टीम हजर! एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, पाचव्या बटालियनचं ठाणं तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. मधे ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली यांपैकी काहीतरी ओलांडावं लागतं आणि ज्या पावसाने पूर येतो तोच पाऊस घाट बंद करतो. शिवाय २२ जुलै २०२१ लाच महाडमध्ये पूर होता आणि त्याच तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली. त्याच टीम दोन जिल्ह्यांना एकाच वेळी हव्या होत्या. म्हणून शेजारच्या जिल्ह्याची मागणी आख्यानात असलीच पाहिजे.

बोटींचा हिशेब खेळाडूंकडून फळ्यावर करून घ्या. दहाजणांची रबरी बोट. चालवणारे दोन, ओढ आणि तरंगता कचरा धरून लोक घ्यायचे सहा. फेरी चाळीस मिनिटांची धरली तर एक बोट तासाला नऊ माणसं काढते. चार बोटी छत्तीस. चारशे माणसं अडकली असतील तर अकरा तासांवर, म्हणजे उजेडात सुरू केलं तरी शेवटची फेरी अंधारात. हे कळलं की 'बोटी पाठवल्या' हे उत्तर राहत नाही. आधी कोणाला काढायचं, हा प्रश्न उभा राहतो: डायलिसिसचा रुग्ण, ऑक्सिजनवरचा रुग्ण, बाळंतीण, तळमजल्यावरचे म्हातारे. मग इंधन. चाळीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. त्यात टू-टी ऑइल लागतं आणि शहरातले पंप पाण्याखाली असू शकतात. चिठ्ठी क्रमांक अठरा: 'बोट दोन, इंधन संपले, वॉर्डाचे नाव सांगता येत नाही, समोर निळी टाकी दिसते.'

निवारा केंद्रांचं तेच. आराखड्यात शाळेच्या खोलीपुढे 'क्षमता ६०' असं लिहिलेलं असतं. वीस बाय पंचवीस फुटांची खोली म्हणजे ४६ चौरस मीटर. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर धरले तर तेरा माणसं. एका रात्रीपुरते पंचवीस बसतील. साठ बसतील ते उभ्याने. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, कोविडमुळे अंतरही राखायचं होतं. संडासाचं प्रमाण सुरुवातीला पन्नास माणसांना एक, पुढे वीसला एक. शाळेत संडास किती आणि त्यांना पाणी वीज नसताना कुठून, हे मुख्याध्यापकांना विचारून आलेला तलाठी सरावात लगेच ओळखू येतो.

वादळाच्या आख्यानात महिना बदलून बघा. मासेमारीबंदी १ जूनपासून असते. निसर्ग आलं तेव्हा बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. तौक्ते मे २०२१ च्या मध्यात गेलं, फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं. दोन्ही वेळा हंगाम चालू. त्यामुळे पहिला प्रश्न वेगळा पडतो: कोणत्या बंदरातून किती नौका बाहेर आहेत आणि कोणाशी संपर्क नाही? वादळानंतरचा टप्पा तर कोणी खेळतच नाही. रस्त्यावर आडवी पडलेली माडा-पोफळीची आणि आंब्याची झाडं, त्यांत गुंतलेल्या तारा. करवत घेऊन टीम निघते आणि तिथे पोचून थांबते, कारण वाहिनी बंद असल्याची खात्री द्यायला वायरमन सोबत नसतो. प्रत्येक करवतीमागे एक वायरमन, सुटी साखळी, तेल आणि पेट्रोल. हा हिशेब कागदावर आधी झाला नाही तर रस्ता मोकळा व्हायला दिवसच्या दिवस जातात.

मोबाईल सरावाच्या मध्यावर काढून घ्या. टॉवरची बॅटरी काही तासांची, पुढे डिझेल आणि डिझेल न्यायला रस्ता. राहतो तो पोलिसांचा वायरलेस आणि असला तर सॅटेलाइट फोन. वायरलेसवर एका वेळी एकच बोलतो. म्हणून निरोप वीस-पंचवीस शब्दांत, लिहून आणि पलीकडून परत वाचून घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर वाढलेल्या कक्षाला हे जड जातं.

आता हुद्द्यांचं. जिल्हाधिकारी टेबलाशी असले की बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात. यावर उपाय असा, की चाळिसाव्या मिनिटाला चिठ्ठी येते: 'साहेब भोस्ते घाटात अडकले, संपर्क नाही.' साहेब उठून निरीक्षकांत जाऊन बसतात. तेव्हा कळतं, आदेश काढायचा अधिकार कोणाकडे आहे हे लेखी आहे की नुसतं सगळ्यांनी मानलेलं. घटना प्रतिसाद प्रणालीत, म्हणजे आपत्तीत कोण कोणाच्या हाताखाली हे ठरवणाऱ्या रचनेत, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली पाच, फार तर सात माणसं असावीत असं धरलं आहे. सरावात एकाच नायब तहसीलदाराकडे तेरा जण विचारायला येताना दिसतात.

संगणक, आभासी वास्तव यांबद्दल विचारणा होते. बोट चालवणारा किंवा अग्निशामक घडवायला ती साधनं चांगली. कक्षातला समन्वय तपासायला भिंतभर नकाशा, टाचण्या आणि चिठ्ठ्या पुरतात. खर्च करायचाच तर पूरपातळीच्या नकाशावर करा.

सराव चांगला होऊनही फुकट जातो, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जुलै २००४ मध्ये लुईझियानात 'हरिकेन पॅम' नावाच्या काल्पनिक वादळावर मोठा सराव झाला. न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली जाईल, गाडी नसलेले हजारो लोक मागे राहतील, हे त्यात दिसलं होतं. पुढच्या काही बैठका पैशाअभावी लांबल्या. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना आलं.

म्हणून आढावा. मूल्यमापक चार-पाच खेळाडूंमागे एक, आणि ज्याचं मूल्यमापन करायचं त्याच्या हाताखालचा नको. गुण द्यायचे नाहीत, वेळा लिहायच्या: चिठ्ठी दिली, वाचली, निर्णय झाला, आदेश निघाला, पोच आली. वाचल्यापासून निर्णयापर्यंत चार मिनिटं आणि आदेशापासून पोचेपर्यंत एकतीस, असं दिसलं तर दोष निर्णयात नाही, तारेत आहे. सराव संपल्यावर जेवणाआधी वीस मिनिटं तोंडी आढावा, सगळ्यात कनिष्ठाने आधी बोलायचं. जेवणानंतर सगळे सौजन्याने बोलतात. अहवालात 'समन्वय वाढवावा' असं वाक्य आलं तर खोडा. त्याऐवजी पदनाम, तारीख आणि तपासणी: बाजारपेठेतला भोंगा बॅटरीवर दर सोमवारी दहाला वाजवायचा, नोंद मुख्याधिकाऱ्यांच्या वहीत.

चहा तयार आहे. फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवून या. परत बसाल तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झालेली असतील आणि पहिली चिठ्ठी टेबलावर असेल.