औषध तेच, गाठ वेगळी: छातीतले दुर्मिळ कॅन्सर

(थेट कॅमेऱ्याकडे)

नमस्कार. छातीतला कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुप्फुसं येतात. आज ती जरा बाजूला ठेवू. त्यांच्याभोवती एक पातळ पापुद्रा असतो, आणि दोन्ही फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या हाडामागे, थायमस नावाची ग्रंथी असते. कॅन्सर तिथेही होतो, पण क्वचित. युरोपात वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण असले की त्या कॅन्सरला दुर्मिळ म्हणतात. थायमसच्या गाठी तर याच्याही कितीतरी खाली.

आता सगळे विचारतात, ‘नवीन औषध कुठलं आलंय?’ माझं म्हणणं, थांबा. आधी गाठ नेमकी कुठली ते कळू द्या. ते का, हे सांगायलाच आजचा व्हिडिओ.

पापुद्र्याचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इतक्या विरळ आजाराचे एकाच भागात एवढे रुग्ण, आणि जवळपास सगळ्यांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसशी, म्हणजे खाणीतून निघणाऱ्या तंतुमय खनिजाशी. गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, सगळे खाणकामगार नव्हतेच. काही जण नुसते त्या परिसरात राहिलेले. श्वासातून गेलेला तंतू आत रुतून बसतो आणि आजार डोकं वर काढतो २० ते ५० वर्षांनी. तोवर ते काम, ते गाव माणूस विसरूनही गेलेला असतो.

सुरुवात दम लागण्यापासून होते. छातीत पाणी साठलेलं असतं. सुईने ते काढतात, तपासायला पाठवतात, आणि बरेचदा त्यात कॅन्सरच्या पेशी दिसतच नाहीत. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. काही दिवसांनी पाणी पुन्हा भरतं. मग छातीत दुर्बीण घालून त्या पापुद्र्याचाच तुकडा काढावा लागतो.

(स्क्रीनवर: दोन प्रकारच्या पेशींची चित्रं)

हे नीट बघा. डावीकडच्या पेशी बसक्या, एकमेकींना चिकटलेल्या. उजवीकडच्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, सूतकताईच्या चातीसारख्या. आजाराचं नाव एकच, पण पुढचं बरंचसं गणित या आकारावर फिरतं.

२००४ साली अमेरिकेत सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाच्या जोडीला पेमेट्रेक्सेड हे दुसरं केमो मंजूर झालं. त्याआधीच्या चाचणीत एकट्या सिस्प्लाटिनवर निम्मे रुग्ण ९.३ महिन्यांपलीकडे जगले होते, जोडीवर १२.१. त्यानंतर तिथे या आजारावर नवं औषध मंजूर व्हायला २०२० उजाडलं. सोळा वर्षं! ६०५ रुग्णांच्या चाचणीत दोन इम्युनोथेरपी औषधं, निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब, केमोशी ताडून पाहिली. केमोवर १४.१ महिने, या जोडीवर १८.१. ठीक, चार महिने. पण चातीसारख्या पेशी असलेले रुग्ण वेगळे काढले, तर केमोवर ८.८ आणि इम्युनोथेरपीवर १८.१. दुपटीहून जास्त! बसक्या पेशींत हा फरक बराच कमी होता. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘मेसोथेलिओमा’ लिहिलं असेल तर ते अर्धं उत्तर आहे.

शस्त्रक्रियेचं सांगतो. ‘जेवढं काढता येईल तेवढं काढून टाका’ हे कुणालाही पटतं. मलाही पटायचं. मग ब्रिटनमध्ये ३३५ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना फक्त केमो, अर्ध्यांना केमोसोबत पापुद्रा सोलून काढणारी मोठी शस्त्रक्रिया. २०२४ मध्ये निकाल छापून आला: शस्त्रक्रियेच्या गटात १९.३ महिने, नुसत्या केमोवर २४.८. ही चाचणी झाली नसती तर ‘होतोच की फायदा’ असं म्हणत सगळे कापत राहिले असते.

आता थायमसकडे. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींची ही शाळा. आपलं कोण, परकं कोण, हे त्या इथे शिकतात. शाळेतच गाठ झाली की शिकवणी बिघडते आणि काही पेशी आपल्याच माणसांवर हात उगारायला लागतात. म्हणून थायमोमाच्या, म्हणजे थायमसच्या गाठीच्या, बऱ्याच रुग्णांना मायस्थेनिया हा स्नायू थकवणारा आजार होतो. डॉक्टर सांगतात, वर छताकडे बघत राहा. सुरुवातीला डोळे व्यवस्थित उघडे असतात. मग एक पापणी हळूहळू घसरायला लागते. डोळ्यात काही बिघाड नसतो. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नसतो, आणि मूळ असतं छातीच्या हाडामागे.

आता मघाचीच इम्युनोथेरपी आठवा. ती करते काय, तर टी-पेशींचे ब्रेक सोडते. ज्यांची शिकवणीच बिघडलीय, त्यांचे ब्रेक सोडले तर? थायमिक कार्सिनोमाच्या, म्हणजे थायमसच्याच जास्त आक्रमक कॅन्सरच्या, ४० रुग्णांना त्याच पठडीतलं पेम्ब्रोलिझुमॅब देऊन पाहिलं. नऊ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. हे लहानसहान यश नाही. पण सहा जणांवर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने गंभीर हल्ला केला, आणि त्यातल्या काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली. थायमोमात हा धोका आणखी मोठा मानतात, त्यामुळे तिथे ही औषधं देताना डॉक्टर फार हात राखून असतात. पापुद्र्याच्या गाठीत दिलासा देणारं औषध, त्याच छातीत बोटभर अंतरावरच्या गाठीत हृदयावर उलटू शकतं.

मेसोथेलिओमाबद्दल आणखी एक नवी वाट, थोडक्यात. काही गाठींना आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, रक्तातून उसनं घ्यावं लागतं. पेगार्जिमिनेज हे औषध रक्तातलं आर्जिनिनच फोडून टाकतं, म्हणजे गाठीची रसदच तोडते. २४९ रुग्णांच्या चाचणीत केमोच्या जोडीला ते दिल्यावर आकडा ७.७ महिन्यांवरून ९.३ वर गेला. आकडा छोटा आहे, मान्य. पण कल्पना मला आवडते.

शेवटी नट (NUT) कार्सिनोमा. हा तर दुर्मिळातला दुर्मिळ, आणि तरुणांनाही होतो. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एरवी एकमेकांशी संबंध नसलेली दोन जनुकं जोडली जातात. या जोडजनुकाच्या प्रथिनावर नेम धरणाऱ्या बीईटी इन्हिबिटर औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. पण त्याआधीची अडचण साधी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ नेहमीच्या स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, कॅन्सरसारखी दिसते, म्हणून रिपोर्टवर तेच नाव पडतं. खरं नाव कळायला एक रंगचाचणी पुरते: तुकड्यावर नट प्रथिनाची अँटिबॉडी घालायची, आणि पेशींच्या केंद्रकात तपकिरी ठिपके उमटतात का ते बघायचं.

ती मागवायचं कुणाला तरी सुचावं लागतं, एवढंच.