पायांवरचे जांभळे ठिपके

(दृश्य: मेडिकल चौक, जानेवारीची सकाळ. टपरीवर चहा उकळतोय.)

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक. पण इथली थंडीही बोचरी असते. काही रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. याच दिवसांत एखादीच्या घोट्यापासून पोटरीपर्यंत जांभळे ठिपके उमटतात. दाबले तरी फिके पडत नाहीत. घरचे म्हणतात, "थंडी लागली असन, तेल लाव." सांधे ठणकतात म्हणून तपासणी होते, आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्तचाचणी पॉझिटिव्ह येते, संधिवाताच्या गोळ्या सुरू होतात. लघवीला फेस येतोय, हे मात्र ती कोणाला सांगत नाही.

मूळ कदाचित लिव्हरमध्ये असतं.

हेपॅटायटिस सीचा विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, कावीळ न होताही. त्याच्याशी झुंजता झुंजता बी-पेशी, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशी, क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं बनवू लागतात. ती गारव्याने गोठतात, म्हणून थंडीत पाय आधी बोलतात. हीच प्रथिनं किडनीच्या गाळणीत अडकली की गाळणी सुजते, बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं आणि रक्त जाऊ लागतं. हेपॅटायटिस बीसुद्धा किडनीला धरतो, लहान मुलांनाही सोडत नाही. तैवानने १९८४ पासून बाळांना लस टोचली, आणि मुलांमधला हा किडनीचा आजार तिथे झपाट्याने कमी झाला.

(दृश्य: कोमट पाण्याचा थर्मास, त्यात रक्ताची नळी.)

ही नळी नीट पाहा, क्रायोग्लोब्युलिनच्या तपासणीची आहे. ३७ अंशांची ऊब राखूनच ती लॅबमध्ये पोचायला हवी. वाटेत गार झाली तर प्रथिनं गुठळीबरोबरच खाली बसतात, रिपोर्ट चुकून निगेटिव्ह येतो आणि पेशंट निर्धास्त घरी जातो. नीट पोचली, तर वेगळं केलेलं सीरम काही दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. तळाशी पांढरा साका धरतो. ऊब दिली की विरघळतो.

विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांची कितीतरी मुलं बाहेरून दिलेल्या रक्तावर जगली. हेपॅटायटिस सीचा विषाणू सापडला १९८९ साली. त्याआधी रक्त तपासणार तरी कसं? त्या काळात रक्त घेतलेल्यांची मला फार काळजी वाटते.

(दृश्य: गोळ्यांची डबी, भिंतीवर कॅलेंडर.)

२०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमात हेपॅटायटिस सीची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. बहुतेकांना बारा आठवडे लागतात, शंभरातल्या पंचाण्णवांचा विषाणू जातो. ठिपके सहसा लवकर मावळतात. किडनी सावकाश सावरते. गाळणीवर व्रण धरले असतील, तर पुरती सावरत नाही.