मान राहू द्या, अधिकार परत घ्या

मित्रहो, लिनक्स कर्नलच्या, म्हणजे जगभरचे लोक मिळून लिहीत असलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, सोर्स कोडमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल आहे आणि ‘क्रेडिट्स’ नावाची दुसरी. आज कोणता भाग कोण सांभाळतं, ते पहिलीत सापडतं. जबाबदारी सोडणाऱ्याचं नाव तिथून निघतं आणि अनेकदा दुसरीत जातं, सोबत त्याच्या कामाची एखाद-दोन ओळींची नोंद. ही साधी पद्धत मला फार मोलाची वाटते. निवृत्त माणसाचा मान आणि त्याचे अधिकार यांची तिथे गल्लत होत नाही.

इतर ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या, प्रकल्पांत ती सर्रास होते. एखाद्याचं काम थांबून वर्षं लोटतात, तरी त्याचा कमिटचा, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करण्याचा, अधिकार तसाच राहतो. काढला तर त्याला वाईट वाटेल, म्हणून कोणी विषयच काढत नाही. मग ते पडून राहिलेलं खातं कोणाच्या हाती लागलं, तर कळायलाही उशीर होतो. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या प्रकल्पात निवृत्त होणाऱ्या डेव्हलपरला एमेरिटस (मानाने निवृत्त) म्हणतात. त्याची की, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, चालू कीरिंगमधून (अशा किल्ल्यांच्या जुडग्यातून) काढून वेगळ्या एमेरिटस कीरिंगमध्ये ठेवतात. पुढे परत यावंसं वाटलं, तर त्याला नवख्यासारखी सुरुवात करावी लागत नाही. कुबरनेटिस या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातही बदलांना मंजुरी देणाऱ्यांच्या फाइलमध्येच निवृत्तांची वेगळी यादी ठेवता येते.

जाण्याची अशी रीत नसली की काय होतं, ते 2018 मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार कोडच्या) बाबतीत दिसलं. मूळ लेखक ते स्वतः वापरतही नव्हता. सांभाळतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्याने हक्क देऊन टाकले आणि त्या वाटेने बिटकॉइन चोरण्यासाठी लिहिलेला कोड आत शिरला. लेखकावर पुष्कळ टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. लाखो लोक ते पॅकेज वापरत होते, पण त्याच्या हातून ते नीट उतरवून घ्यायला कोण पुढे आलं होतं?

आपण मान देतो, पण बहुधा उशिरा. डेबियनचे संस्थापक इयान मरडॉक 2015 मध्ये वारले आणि 2017 चं डेबियन 9 त्यांना अर्पण झालं. विम या टेक्स्ट एडिटरचे कर्ते ब्राम मोलेनार ऑगस्ट 2023 मध्ये गेले, जानेवारी 2024 चं विम 9.1 त्यांच्या स्मृतीला. हे योग्यच झालं. पण कृतज्ञता माणसाच्या हयातीत त्याच्या कानावर पडायला हवी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम 2018 मध्ये तिच्या नेतृत्वावरून स्वतःहून बाजूला झाले, पुढे निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाने कारभार हाती घेतला. इतकं स्वच्छ हस्तांतर फार थोड्या प्रकल्पांना साधतं.

निरोपाची नोंद लिहिताना आधी त्या व्यक्तीला विचारा, कारण काहींना गाजावाजा नको असतो. ‘अमूल्य योगदान’ असं मोघम लिहू नका. कोणता भाग लिहिला, कोणता बग सोडवला, कोणाला तयार केलं, ते लिहा. भाषांतर करणारे, चाचण्या घेणारे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे यांचं बरंचसं काम कमिटच्या इतिहासात दिसत नाही. ते त्यांच्या सहकाऱ्यांकडूनच कळतं. म्हणून ही नोंद कोणी करायची, ते प्रकल्पाने आधीच ठरवून ठेवावं, नाहीतर ती राहून जाते.