जस्तात झिजलेला बुश

वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी. दांडिया बाजारातून रोज इथं कामाला येणारे काका लेथ थांबवतात आणि झिजून परत आलेला एक बुश, म्हणजे फिरत्या दांड्याच्या टोकाला आधार देणारी धातूची कडी, टेबलावर ठेवतात. आत बोट फिरवून बघा. खालची बाजू अजून गुळगुळीत आहे. वरच्या बाजूला मात्र चर पडलाय, नख अडकेल एवढा.

वरच्याच बाजूला का? पत्र्यावर जस्ताचा थर चढवताना पोलादाची पट्टी वितळलेल्या जस्ताच्या कुंडात उतरते, आत बुडालेल्या रोलखालून वळते आणि पुन्हा वर निघते. पट्टीच्या ताणानं रोल सतत वर ओढला जातो. रोलची टोकं बुशात फिरतात, म्हणून सगळा भार बुशाच्या वरच्या अंगावर.

मोटारीच्या बेअरिंगला आपण ग्रीस भरतो. इथं जस्त असतं साधारण 460 अंश सेल्सिअसला. तिथं ग्रीस जळून जाईल. वंगण काय ते जस्तच, आणि ते इतकं पातळ की घासणाऱ्या दोन अंगांमध्ये त्याचा थर टिकत नाही. शिवाय ते लोखंड खातं. विरघळलेलं लोखंड कुंडातल्या थोड्याशा अ‍ॅल्युमिनियमशी जुळून कठीण कण तयार होतात. त्याला ड्रॉस म्हणतात. हे कण फटीत शिरले, की बुश ओरबाडून निघतो.

म्हणून इथं साधं पोलाद चालत नाही. कोबाल्टचा कठीण मिश्रधातू स्टेलाइट वापरतात, किंवा टंगस्टन कार्बाइडचा थर देतात. तरी काही आठवड्यांनी लाइन बंद करून रोल बाहेर काढावाच लागतो. छपरावरचा चकचकीत पत्रा सगळ्यांना दिसतो. त्याच्यापायी झिजलेला हा बुश कुणाला दिसत नाही, म्हणून तो इथं जवळून दाखवतोय.

काही अणुभट्ट्यांत उष्णता वाहून न्यायला द्रव सोडियम वापरतात, त्याची तऱ्हा वेगळी. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची छोटी फास्ट ब्रीडर (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी) भट्टी, 1985 पासूनची, अशीच सोडियमची. धातूवर एरवी ऑक्साइडची बारीक साय असते, तीच त्याला सांभाळते. तापलेलं सोडियम ती साय काढून टाकतं. मग दाबाखाली दोन उघडी अंगं एकमेकांना चक्क चिकटतात. तिथं स्टेलाइटही नकोसा, कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्यात कोबाल्टचं किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं आणि दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला त्याचा धोका. म्हणून निकेलच्या मिश्रधातूचा थर चढवतात.

इकडे काकांनी नवा बुश चकमध्ये धरलाय. आतला व्यास मोजणारा बोअर गेज आत गेला, काटा हलला. काका मान हलवतात. अजून एक हलका कट.